रॉकेलचा डबा मनिलाच्या आधी पोचला होता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. नाशिकला दहा वर्षं इतिहास शिकवून तुम्ही आता टेक्सासमधल्या एका हायस्कूलला लागला आहात. अकरावीचे दोन वर्ग, विषय अमेरिकेचा इतिहास. पुस्तकात एक प्रकरण औद्योगिकीकरणाचं, दुसरं परदेशातल्या विस्ताराचं, आणि दोन्हींना मिळून तीन आठवडे. पहिल्या प्रकरणात मुलं कार्नेगी-रॉकफेलर-मॉर्गन या बड्या उद्योगपतींच्या नावांखाली गुदमरतात, दुसऱ्यात एकदम तोफा सुरू होतात. गेल्या वर्षी एका मुलानं विचारलं, ‘हे लोक स्वतः इंग्रजांशी लढून सुटले, मग यांनी फिलिपिन्स कशाला घेतलं?’ तेव्हा ‘कारखान्यांना बाजारपेठ हवी होती’ असं सांगून तुम्ही वेळ मारून नेलीत, पण ते उत्तर तुमचं तुम्हालाच पटलं नाही. शिवाय आपण भारतातून आलेली माणसं, तर या विषयावर वर्गात किती बोलावं, हाही प्रश्न आहेच.

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये एकोणीस वर्षं हाच भाग शिकवते आहे. पहिली चार-पाच वर्षं मीही तेच उत्तर देत होते. त्यामुळे तुमची अडचण वेळेची आहे असं मला वाटत नाही. अडचण त्या दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानाची आहे. पहिलं प्रकरण संपतं, चाचणी होते, मुलं ते डोक्यातून पुसून टाकतात आणि मग दुसरं सुरू होतं. एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, अभ्यासक्रमात सहावा कालखंड १८९८ला संपतो आणि सातवा १८९०ला सुरू होतो. ती आठ वर्षं दोन्हीकडे आहेत, म्हणून बहुतेक वर्गांत ती कुठेच शिकवली जात नाहीत. माझ्या लेखी सगळी गंमत त्या आठ वर्षांत आहे.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमचा तास ४५ मिनिटांचा की ८० मिनिटांचा, यावर मूळ कागदपत्रं किती वाचून घेता येतील ते ठरेल. वर्गात नुकतीच इंग्रजी शिकू लागलेली मुलं बरीच असतील तर लांबलचक भाषणांऐवजी चित्रं, नकाशे आणि आकडे धरा; माझ्या दोन वर्गांपैकी एकात मी तेच करते. टेक्सासमध्ये वर्षाच्या शेवटी राज्याची परीक्षा आहे, तिच्यासाठी ठरावीक नावं-सनावळ्या कराव्याच लागतील, त्यातून सुटका नाही. आणि वर्गातल्या वादग्रस्त विषयांबद्दल तुमच्या राज्यात २०२१ साली कायदा झालेला आहे, तेव्हा युनिटचा आराखडा विभागप्रमुखांना आधीच दाखवून ठेवा. घाबरायचं म्हणून नव्हे. एखाद्या पालकांचा ईमेल आला तर तुमच्या बाजूनं बोलायला कुणीतरी असावं म्हणून.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मी सुरुवात माणसांपासून करत नाही. मी सुरुवात रॉकेलच्या डब्यापासून करते.

आपल्या घरात हा शब्द होता. माझी आजी कोकणातली, तिच्याकडे पाणी तापवायला, धान्य ठेवायला, तुळशीला पाणी घालायला, सगळीकडे तोच चौकोनी पत्र्याचा डबा. रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला असं सांगतात, आणि अमेरिकेत ते रॉक ऑइल विहीर खोदून बाहेर काढायला सुरुवात झाली १८५९ साली पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेचं रॉकेल जगभर जायला लागलं. पाच गॅलनचे दोन डबे एका लाकडी खोक्यात, अशी खोकी जहाजात भरून युरोपला, चीनला, जपानला आणि मुंबईलाही. त्या काळात अमेरिकेत तयार होणाऱ्या रॉकेलपैकी निम्म्याहून जास्त बाहेर जात होतं. एडिसनचा दिवा १८७९चा. घराघरात वीज जायला त्यानंतरही कित्येक वर्षं लागली. तोवर या धंद्याचं गिऱ्हाईक म्हणजे अंधार पडल्यावर घरात दिवा लावणारं कुणीही.

हा डबा मी फळ्यावर काढते आणि मुलांना विचारते, हा डबा इथपासून माझ्या आजीच्या गावापर्यंत न्यायला काय काय लागलं असेल? मुलं यादी सांगत जातात, मी लिहीत जाते. विहीर, पिंपं, शुद्धीकरणाचा कारखाना, रेल्वे, पत्रा, पत्र्यासाठी पोलाद, बंदर, आगबोट, आगबोटीला कोळसा, विमा, तार, कर्ज. वीस मिनिटांत औद्योगिकीकरणाचं अख्खं प्रकरण फळ्यावर येतं, आणि तेही मुलांनी स्वतः आणलेलं. मग रॉकफेलर आपोआप येतो. १८७०मध्ये त्यानं क्लीव्हलँडला स्टँडर्ड ऑइल काढली, रेल्वे कंपन्यांकडून चोरवाटेनं सवलती मिळवल्या, स्पर्धकांना विकत घेतलं नाहीतर बुडवलं, आणि १८८०च्या सुमारास देशातलं नव्वद टक्के शुद्धीकरण त्याच्या हातात होतं. त्याच काळात गॅलनचा वीस सेंटांच्या वर असलेला दर दहाच्या खाली आला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. ‘लुटारू सरदार की उद्योगमहर्षी’ हा वाद बहुतेक पुस्तकांत असतो. मी तो घेणं सोडून दिलं. मुलं दोन गट करतात, आरडाओरडा करतात, घंटा वाजते, आणि कुणालाच नवीन काही कळलेलं नसतं. त्याऐवजी विचारा: दर उतरला त्याचा फायदा कुणाला, आणि तो उतरवताना किंमत कुणी मोजली? याचं उत्तर देताना मुलांना नावं लागतातच, आणि मग ती लक्षातही राहतात.

तुम्ही टेक्सासात आहात, म्हणजे तुमच्याकडे स्पिंडलटॉप आहे. १० जानेवारी १९०१ला बोमाँटजवळ ती विहीर उसळली. मुलांच्या घरात कुणी ना कुणी तेलधंद्यात असेल. आमच्याकडे मी एडिसन वापरते, कारण मेन्लो पार्क ही जागा आजच्या एडिसन गावातच येते, ओक ट्री रोडवरच्या आपल्या किराणा दुकानांपासून गाडीनं काही मिनिटांवर. तिथला मनोरा, वर तो भलामोठा दिवा. दर शनिवारी कढीपत्ता आणायला त्या बाजूला जाणाऱ्या माझ्या मराठी विद्यार्थ्यांना तो मनोरा कशाचा हे माहीत नसतं! गावातली एक जागा धरा. मुलांचं बूड त्यानं खुर्चीला टेकतं.

मजुरांच्या भागावर मात्र मी घाई करत नाही. इथे एक छायाचित्र मी दरवर्षी वापरते. लुइस हाइन हा छायाचित्रकार बालमजुरीविरोधी समितीसाठी देशभर हिंडत होता. सप्टेंबर १९१०मध्ये तो आमच्याच राज्यात, ब्राउन्स मिल्सजवळच्या क्रॅनबेरीच्या मळ्यात गेला. क्रॅनबेरी म्हणजे साधारण करवंदाएवढं लाल फळ. चित्रात एक मुलगी आहे, पाटीभर फळं घेऊन चाललेली. खाली हाइननं लिहून ठेवलंय: वय दहा, तीन उन्हाळे काम करते आहे, बाळही सांभाळते, आणि शाळा सुरू होऊन चौथा आठवडा लागला आहे. मी आधी नुसतं चित्र दाखवते, तळटीप झाकून. मुलं म्हणतात, शेतावर मदत करतेय, सहलीला आलीय. मग तळटीप उघडते. ‘चौथा आठवडा’ या शब्दांशी वर्ग थांबतो, कारण त्यांचाही तेव्हा साधारण चौथा-पाचवाच आठवडा चालू असतो. कारखाना म्हणजे चिमणी आणि धूर एवढंच नाही, शहरातल्या बाजारासाठी मळ्यात राबणारी पोरंही त्यातच येतात, हे मला तोंडानं सांगावं लागत नाही.

दुसरी जागा होमस्टेड. पिट्सबर्गजवळचा कार्नेगीचा पोलाद कारखाना. बारा तासांची पाळी, आणि पाळी बदलायच्या रविवारी सलग चोवीस तास. जुलै १८९२मध्ये व्यवस्थापक फ्रिकनं पगार कापून युनियन मोडायचं ठरवलं आणि नदीतून मालवाहू पडावांवर पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीचे तीनशे बंदूकधारी आणले. दिवसभर गोळीबार, दोन्हीकडची माणसं मेली, शेवटी राज्याचं सैन्य आलं आणि युनियन संपली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. हे सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं की होमस्टेडमध्ये तेव्हा अमेरिकन नौदलाच्या नव्या युद्धनौकांसाठी चिलखती पत्रे तयार होत होते. हे एक वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते, भोवती चौकट काढते आणि पुसू देत नाही. दुसऱ्या प्रकरणात त्याची गरज पडते.

आता ती आठ वर्षं. १८९०मध्ये नौदल अधिकारी माहान याचं सागरी सत्तेवरचं पुस्तक आलं. १८९३मध्ये इतिहासकार टर्नरनं सांगितलं की पश्चिमेकडे मोकळी सीमा आता उरली नाही. त्याच वर्षी बँका आणि रेल्वे कंपन्या धडाधड बुडाल्या, लाखो लोक बेकार झाले. १८९४ला रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीतला संप, शिकागोत लष्कर. श्रीमंतांना आणि राजकारण्यांना भीती वाटू लागली की देश गरजेपेक्षा जास्त माल काढतोय, माल खपला नाही तर कारखाने बंद, कारखाने बंद तर बंड. १८९८मध्ये इंडियानाचा राजकारणी बेव्हरिज भाषणात म्हणाला की अमेरिकेचे कारखाने अमेरिकन लोकांना वापरता येईल त्यापेक्षा जास्त माल तयार करताहेत. इथपर्यंत तुमचं उत्तर बरोबर वाटतं: बाजारपेठ हवी होती.

आता मी त्याच वर्गाला रॉकेलच्या डब्याकडे परत नेते. हा डबा मुंबईला पोचला तेव्हा मुंबई अमेरिकेची होती का? शांघाय होतं? बर्लिन? माल तर चाललाच होता. मग आकडे देते. १९००च्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीपैकी सुमारे पाऊण हिस्सा युरोपला जात होता. ज्या चीनच्या नावानं एवढी भाषणं झाली, तिथे जेमतेम एक-दोन टक्के. बाजारपेठेसाठी वसाहत लागतेच, असं हिशेबाच्या वहीत कुठेही दिसत नाही. तेव्हा मी मुलांना वहीत दोन रकाने पाडायला लावते: लोक काय म्हणत होते, आणि वही काय सांगत होती. दोन्ही रकाने जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत, हा माझ्या युनिटचा प्रश्न. ‘कारखान्यांमुळे साम्राज्य आलं’ असं लिहून मुलाला पूर्ण गुण मिळत असतील तर प्रश्नपत्रिकाच चुकली म्हणायची.

एका गोष्टीनं या भाबड्या उत्तराला चांगलाच धक्का बसतो. देशातला सर्वात मोठा पोलादवाला कार्नेगी स्वतः फिलिपिन्स घेण्याच्या विरोधात होता, साम्राज्यविरोधी लीगचा मोठा आधार होता. चौकटीतलं ते वाक्य आता वाचून दाखवा: युद्धनौकांना पत्रे विकणारा, कामगारांवर बंदूकधारी आले तेव्हा परदेशी असलेला, आणि वसाहती नकोत म्हणणारा, हा एकच माणूस. लेखक मार्क ट्वेनही त्याच बाजूचा. कामगार नेता गॉम्पर्सही त्याच बाजूचा, पण त्याला भीती स्वस्त मजुरांची. आणि दक्षिणेतले टिलमनसारखे सिनेटर विरोधात होते ते आणखी काळी-सावळी माणसं देशात नकोत म्हणून. साम्राज्यविरोधी म्हणजे सज्जन, असं समीकरण मुलं लगेच मांडतात. ते तिथल्या तिथे मोडावं लागतं.

मग घेतलं कशाला? इथे मी मुलांना एक दोरा आणि पृथ्वीचा गोल देते. आगबोटीला कोळसा लागतो, आणि लढाऊ बोट कोळसा संपल्यावर परक्याच्या बंदरात भीक मागू शकत नाही, हा माहानचा मुद्दा. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू सुमारे २,४०० मैल. होनोलुलू ते फिलिपिन्सची राजधानी मनिला त्याच्या दुपटीहून जास्त. दोरा ताणला की मधे काय येतं? मिडवे, वेक, ग्वाम. कोळशाच्या ठिकाणांची ओळच दिसते. नकाशाचे चार धडे एका दोऱ्यात होतात. पण इथेही थांबू नका, कारण कोळशाला एक बंदर पुरतं, त्यासाठी अख्खा द्वीपसमूह लागत नाही. मुलं हा प्रश्न स्वतः विचारतात. नाहीच विचारला तर मागच्या बाकावरच्याला विचारा.

हवाई मी ‘निर्णयांची वाट’ म्हणून शिकवते. १८७५च्या करारानं हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात आली, मळे फोफावले. १८९०च्या जकात कायद्यानं सगळ्याच देशांची कच्ची साखर बिनजकात केली आणि देशी साखरेला पौंडामागे दोन सेंट दिले, म्हणजे हवाईचा फायदा एका फटक्यात गेला. १७ जानेवारी १८९३ला गोऱ्या व्यापारी-वकिलांच्या गटानं राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलं. ‘बॉस्टन’ या युद्धनौकेवरचे सैनिक आधीच किनाऱ्यावर उतरले होते. इथे मी गोष्ट थांबवते आणि मुलांना अध्यक्ष व्हायला सांगते. घ्यायचं की नाही? बहुतेक वर्ग ‘घ्या’ म्हणतो, कारण पुढचं त्यांना ठाऊक असतं. मग सांगते की अध्यक्ष क्लीव्हलँडनं घेतलं नाही. त्यानं सिनेटमधला विलीनीकरणाचा करार मागे घेतला आणि चौकशी लावली. १८९७मध्ये पुन्हा करार आला तेव्हा हवाईच्या एकवीस हजारांहून जास्त मूळ रहिवाशांनी विरोधात सह्या पाठवल्या आणि दोन-तृतीयांश मतं जमलीच नाहीत. शेवटी जुलै १८९८मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, साध्या बहुमताचा ठराव करून हवाई घेतलं. पाच वर्षं ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि म्हटलंही जात होतं. पुस्तक पाच ओळींत उरकतं म्हणून ते अटळ वाटतं.

‘मेन’ या अमेरिकन युद्धनौकेच्या स्फोटावर, ज्यानंतर क्यूबावरून स्पेनशी ते युद्ध पेटलं, फार वेळ घालवू नका. १५ फेब्रुवारी १८९८, हवानाचं बंदर, अडीचशेहून जास्त खलाशी ठार. स्टॅनफर्डच्या इतिहास-शिक्षण गटाचा (आता त्याचं नाव ‘डिजिटल इन्क्वायरी ग्रुप’) यावर तयार धडा आहे, न्यूयॉर्कच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी ठेवून, तोच वापरा. एवढं जरूर सांगा की १९७६मध्ये नौदलाच्याच ॲडमिरल रिकोव्हरच्या अभ्यासानं स्फोट आतून, बहुधा कोळशाच्या कोठारातल्या आगीनं झाला असावा असा निष्कर्ष काढला. आणि सॅन अँटोनियोत त्या युद्धासाठी थिओडोर रूझवेल्टचे घोडेस्वार जमले होते, तर तो तुमच्याकडचा हुकमी धागा आहे.

फिलिपिन्ससाठी मी एक व्यंगचित्र ठेवते, त्यावर पूर्ण तास. ‘पक’ साप्ताहिकातलं, २५ जानेवारी १८९९चं, डॅलरिंपलनं काढलेलं. अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, मास्तर, हातात छडी. पुढच्या बाकावर चार काळीसावळी, रुसलेली मुलं: फिलिपिन्स, हवाई, पोर्टो रिको, क्यूबा. मागे शहाणी मुलं पुस्तक वाचताहेत, त्यांच्या पुस्तकांवर टेक्सास, कॅलिफोर्निया, अलास्का अशी नावं. (तुमच्या वर्गात टेक्सास दिसल्यावर काय गलका होईल!) दहा मिनिटं मी काहीच बोलत नाही. फक्त सांगते, पंधरा गोष्टी शोधा. हळूहळू कडेची माणसं दिसायला लागतात. खिडकी पुसणारा काळा मुलगा, तो वर्गात आहे पण विद्यार्थी नाही. कोपऱ्यात एकटा बसलेला मूळ अमेरिकन मुलगा, त्याचं पुस्तक उलटं. दाराबाहेर चिनी मुलगा, त्याला अजून आत घेतलेलंच नाही. मग फळ्यावरचा मजकूर वाचायचा. त्यात लिहिलंय की प्रजेची संमती ही तत्त्व म्हणून चांगली पण व्यवहारात दुर्मीळ गोष्ट. इंग्लंडनं आपल्या वसाहतींवर त्यांची संमती असो-नसो राज्य केलं आणि तसं करून जगाची सुधारणा पुढे नेली.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले होते. इंग्लंडच्या कोणत्या वसाहती हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण वर्गात मी ते बोलत नाही. मी विचारते, अमेरिकेतला कोणता कागद याच्या अगदी उलट बोलतो? कुणीतरी स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणतं. तुमच्या त्या मुलाचा प्रश्न १८९९च्याच चित्रकाराला माहीत होता, आणि त्यानं त्याचं उत्तर फळ्यावर लिहून ठेवलं होतं. एक काळजी घ्या: ही चित्रं वंशद्वेषी आहेत. आदल्या दिवशी मुलांना कल्पना द्या, आणि चित्रातल्या रंगारूपावरून वर्गातल्या कुणाकडे माना वळणार नाहीत हे बघा.

मग युद्ध. फिलिपिनो नेता आगिनाल्दो यानं १२ जून १८९८लाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डिसेंबरच्या तहात स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन बेटं अमेरिकेला दिली. विकली गेली त्यांना कुणी विचारलं नाही. ४ फेब्रुवारी १८९९ला मनिलाजवळ अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला आणि ६ फेब्रुवारीला सिनेटनं तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. मुलांना भागाकार करू द्या: ८४चे दोन-तृतीयांश ५६. एकच मत जास्त. त्या लढाईत ४,२००हून जास्त अमेरिकन आणि २०,०००हून जास्त फिलिपिनो सैनिक गेले. हिंसा, उपासमार आणि रोगराईत मेलेले सामान्य लोक दोन लाखांपर्यंत धरतात. क्यूबातल्या युद्धाला पुस्तकात सहा पानं आणि याला अर्धं, असं असेल तर ते मुलांनाच मोजायला लावा.

तेव्हाचा अध्यक्ष मॅकिन्ले याचं एक अवतरण सगळीकडे छापलेलं असतं, रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली आणि बेटं घेऊन लोकांना सुधारायचं उत्तर मिळालं, असं. ते द्यायचं तर सोबत हेही द्या की ते छापून आलं १९०३मध्ये, तो १९०१मध्ये गेल्यानंतर, दुसऱ्याच्या आठवणीतून. कागद कुणी, कधी, कशासाठी लिहिला, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी उत्साहानं वर्गाचं नाटक केलं होतं: अर्धा वर्ग साम्राज्य, अर्धा वसाहत, चॉकलेटं गोळा करायची, कर लावायचा. मुलं खूश होती. एक मुलगी हात वर करून म्हणाली, ‘मिस, माझे आजी-आजोबा पोर्तो रिकोचे. मी कोणत्या बाजूला बसू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो खेळ त्या दिवशी बंद झाला तो झालाच. आता तिच्या प्रश्नावर मी एक तास ठेवते. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७पासून नागरिकत्व आहे, पण बेटावर राहून अध्यक्षाला मत देता येत नाही. १९०१ला सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात न्यायमूर्ती व्हाइटनं हा प्रदेश ‘देशी अर्थानं परदेशी’ म्हटला. या चमत्कारिक शब्दांवर मुलं अर्धा तास भांडतात.

तटस्थतेबद्दल. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत आपण वसाहतवाद शिकलो तो दादाभाईंच्या संपत्तीच्या निःसारणापासून. तो चष्मा उपयोगी आहे, पण अमेरिकेला तसाच लावलात तर बसत नाही. फिलिपिन्समधून भारतासारखा पैसा वाहिला असं इथे दाखवता येत नाही, आणि अमेरिकेतच कायदेमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत मोठा विरोध उघडपणे चालला. मी माझं मत युनिट संपेपर्यंत सांगत नाही. नंतर कुणी विचारलं तर सांगते, आणि ते कशावर उभं आहे तेही सांगते. ‘मॅडम तुम्ही इंडियन आहात म्हणून असं म्हणता’ हे वाक्य मी दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा मी म्हटलं, मग माझं सोड, सिनेटरांचं वाच. आणि बाजूची दोन, विरोधाची दोन अशी भाषणं हातात दिली.

वेळेचा हिशेब असा बसतो: डबा आणि रेल्वे दोन दिवस, मजूर तीन, १८९३ आणि दोन रकाने दोन, हवाई एक, क्यूबा एक, फिलिपिन्स तीन, पोर्तो रिको एक. पनामा कालव्याला एकच दिवस मिळतो आणि तो कमी पडतो, हे मला मान्य आहे. शेवटचा एक निबंधाला. प्रश्न पहिल्या दिवसापासून भिंतीवर असतो: ‘रॉकेलचा डबा वसाहतीशिवाय जगभर पोचला. मग १८९८मध्ये अमेरिकेनं वसाहती का घेतल्या?’ किमान तीन कागदांचा आधार, आणि त्यातला एक स्वतःच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा. कुणी नौदल धरतं, कुणी १८९३ची भीती, कुणी वंशाचा अहंकार, कुणी म्हणतं युद्ध क्यूबासाठी होतं आणि नौदलाचा ड्यूई मनिलात पोचल्यावर माघार घेणं कुणालाच जमलं नाही. मी चारही उत्तरांना चांगले गुण दिलेत.

ते व्यंगचित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट मिळतं. रंगीतच छापा आणि दोघांत एक असा मोठा कागद द्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दारातला मुलगा दिसतच नाही.